मदत हवी आहे: रोझ परेडच्या चित्ररथावर दोन तास उभं राहायचंय

नमस्कार मंडळी. १ जानेवारीला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात निघणाऱ्या रोझ परेडमध्ये, म्हणजे फुलांनी सजवलेल्या रथांच्या मिरवणुकीत, आमच्या लेकीला चित्ररथावर उभं राहण्याचा मान मिळालाय. ती ८०० मीटर धावते. १८९० पासूनची ही परेड. रथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, सालींनी झाकलेला असतो. गेल्या वर्षी मी स्वयंसेवक म्हणून बिया चिकटवल्या होत्या, गुलाब पाण्याच्या इवल्याशा नळ्यांत खोचले होते. आता त्याच फुलांत माझी पोर उभी राहणार, अजून खरं वाटत नाही!

काळजी दोन गोष्टींची. तिला फुलांच्या परागांनी शिंका येतात, कधी दमही लागतो. औषधाचं डॉक्टरांना विचारतेच आहे, पण इतक्या फुलांत कुणाला त्रास झालाय का? दुसरं, घोटा नुकताच बरा झालाय. परेड आठला सुरू होते, पण रथावर कितीतरी आधी जावं लागेल, आणि पहाटे चांगलीच थंडी असते. मार्ग साधारण ९ किलोमीटर, वेग चालण्याइतकाच. धावणाऱ्या पायांना एका जागी उभं राहणंच जड जातं.

आधाराला दांडा किंवा पट्टा असतो का? पोशाखाच्या आत काय घालावं? आधी खाणंपिणं कसं ठेवलंत? कुणी स्वतः बसलं-उभं राहिलं असेल तर जरूर सांगा.