बालीहून लुवाक कॉफी आलीये, प्यावी का?

सहकारनगर_मधुरा:
नणंद गेल्या आठवड्यात बालीहून आली, तिने कोपी लुवाकचं १०० ग्रॅमचं पाकीट आणलंय, वर उदमांजराचं चित्र आणि खाली 'वाइल्ड' असं छापलंय. खूप महाग असते जपून वापरा म्हणाली. मग साबांनी (सासूबाईंनी) विचारलं हे चित्र कसलं, तर तिने सगळं सांगितलं, की ते जनावर कॉफीची फळं खातं आणि विष्ठेतून पडलेल्या बिया वेचून धुवून भाजतात. साबांनी ते पाकीट स्वयंपाकघरातून बाहेरच काढलं. मला खरंच कळत नाहीये, स्वच्छतेच्या दृष्टीने ठीक असते का, शाकाहारी घरात चालेल का, आणि चव खरंच एवढी वेगळी असते का? आमच्याकडे फक्त साधा पितळी फिल्टर आहे.

फिल्टरवाला_कॅम्प:
स्वच्छतेची काळजी नको. फळाचा गर तेवढा पचतो, बी तशीच बाहेर पडते आणि तिच्यावर एक टणक साल असते, ती साल धुवून वाळवून काढून टाकतात आणि मग बी २०० अंशांच्या आसपास भाजतात, त्यात जंतू राहत नाहीत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मासिमो मार्कोने यांनी २००४ च्या सुमारास या बिया तपासल्या होत्या, धोकादायक जंतू जवळजवळ नव्हतेच. पोटातले पाचकरस बीत शिरतात, थोडी प्रथिनं तुटतात, म्हणून कडवटपणा कमी होतो. बी झाडाचीच आहे त्यामुळे मी तरी शाकाहारीच म्हणेन, पण साबांच्या मनाला पटत नसेल तर आग्रह करू नका.

चवीबद्दल खरं सांगतो, मी एकदा प्यायलोय. मऊ लागते, आंबटपणा कमी, जिभेवर फार काही रेंगाळत नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात चिकमगळूरची चांगली अरेबिका याहून कितीतरी छान मिळते. तुमच्या फिल्टरमध्ये होईल, फक्त दूध-साखर-जायफळ घातलंत तर फरक काहीच कळणार नाही.

तळजाई_रोज:
मला चवीपेक्षा त्या जनावराबद्दल लिहायचंय. उदमांजर आपल्या पुण्यातही आहे, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहतं, रात्री नारळाच्या झाडावरून कौलांवर उतरतं. आमच्या गच्चीवर दर हिवाळ्यात त्याची विष्ठा सापडते, भेर्ली माडाच्या आणि चिकूच्या बिया अगदी चिक्कीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. पहिल्यांदा ते आलं तेव्हा पहाटे आंबेमोहोर शिजल्यासारखा वास आला म्हणून आई गॅस बघायला उठली होती, तो वास त्याचाच. एकटं राहणारं, रात्री हिंडणारं जनावर आहे ते, फळं खातं, उंदीर खातं, किडे खातं, आणि पिकलेलं फळ बरोबर ओळखून खातं.

आता हेच लुवाक कॉफीत काय होतं बघा. मुळात चांगली चव येण्याचं कारणच हे सांगतात की ते झाडावरची सगळ्यात पिकलेली फळं निवडतं. पिंजऱ्यात कोंडलं की निवड कसली, समोर टाकतील ती फळं रोज तीच ती. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बालीतल्या १६ ठिकाणी जवळपास ५० उदमांजरं पाहिली, ते २०१६ साली छापून आलं. बरीचशी तारेच्या जाळीवर उभी, पायाखाली जमीन नाही, काहींना प्यायला पाणी नाही, दिवसा गर्दी आणि उजेड. बीबीसीनेही २०१३ साली सुमात्रात लपून चित्रीकरण केलं, तिथे पिंजऱ्यातल्या जनावरांची कॉफी 'वाइल्ड' म्हणून विकत होते. म्हणजे पाकिटावर काय छापलंय त्यावर जायचंच नाही. १९९१ साली ही कॉफी इंग्लंडात पहिल्यांदा आणणारा टोनी वाइल्ड म्हणून व्यापारी होता, त्यानेच २०१३ मध्ये हिच्याविरुद्ध मोहीम उघडली, यातच सगळं आलं.

कोडगू_जावई:
तळजाई, तुमचं पटतंय पण सगळीकडे पिंजरेच असतात असं नाही. सासुरवाडी कोडगूत (कूर्ग) मडिकेरीजवळ, तिकडे मळ्यात सकाळी काम करणाऱ्या बायका झाडाखाली, दगडांवर अशा चिक्क्या वेचतात, पूर्वी नुसत्या झाडून टाकायच्या, आता वेगळ्या वाळवतात, पण एका हंगामात मिळून काही किलोच होते. केरळच्या केंद्रीय विद्यापीठाने २०२५ मध्ये कोडगूच्याच रोबस्टा बियांवर काम केलं, उदमांजराच्या पोटातून आलेल्या बियांत स्निग्धांश जास्त निघाला. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे त्याला कोंडताच येत नाही. आणि सुरुवातही अशीच झाली म्हणतात, डचांनी १८३० पासून जावात सक्तीची लागवड केली, मजुरांना झाडावरचं फळ घ्यायला बंदी, मग त्यांनी जमिनीवरच्या विष्ठेतल्या बिया वेचल्या.

तळजाई_रोज:
वेचलेली असेल तर माझी काहीच तक्रार नाही. पण काही किलोच मिळत असेल तर बालीच्या प्रत्येक दुकानात रचलेली ती पाकिटं येतात कुठून, हा विचार करा.

सहकारनगर_मधुरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नणंदेला फोन करून विचारलं, पाकीट घेतलं तिथे उदमांजर कोंडलेलं होतं का, तर म्हणाली हो, बालीतल्या उबुडजवळच्या त्या मळ्यात दाराशीच एक पिंजऱ्यात होतं, भाचीने व्हिडिओ काढलाय. तिने पाठवला. भर दुपार, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातंय, वळतंय, परत जातंय, वळताना दर वेळी नाक त्याच एका तारेला घासतंय आणि तिथली कातडी सोललीये. मी आणि साबांनी दोघींनी पाहिला. साबा म्हणाल्या, विटाळाचं राहू दे, हे पाप आपल्या घरात नको. पाकीट उघडणार नाही. नणंदेच्या ऑफिसातले अजून दोघं दिवाळीत तिकडे चाललेत, ती त्यांना सांगणारे की त्या मळ्यात जाऊच नका.

फिल्टरवाला, चिकमगळूरची दळून घेताना काय सांगायचं दुकानात?

फिल्टरवाला_कॅम्प:
अरेबिका पीबेरी (फळात एकच गोल बी असते ती) पाव किलो, चिकोरी अजिबात नको, फिल्टरसाठी मध्यम दळा म्हणायचं. समोर दळून घ्या आणि दोन आठवड्यांत संपवा.