फराळ मोजून खायचा म्हणजे सण बुडवायचा का?

शनिवारपेठी:
यंदा घरात यावरून चांगलंच वाजलं. फराळाचं मोठं ताट मी बंद केलं. वाटीभर चिवडा, एक चकली, एक लाडू. तेही अभ्यंगस्नानानंतर नाश्ता म्हणून; पोहे खाऊन वर फराळ नाही. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यातलं ताट दिसतंय." पण हिशेब बघा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, अर्धा किलो पिठीसाखर, यात आमचे ३५ लाडू होतात. म्हणजे एका लाडवात १४ ग्रॅम साखर आणि जवळपास पावणेदोनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर २५ च्या. दोन लाडवांत २८ झाले, चहा अजून व्हायचाच आहे.

खमंग:
अहो, लाडू वळताना तराजू घेऊन बसता की काय? वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मोजून पाच-सहा दिवस. वर्षभर रात्री अकराला वडापाव हाणायचा आणि आईच्या हातचा लाडू समोर आला की कॅलरी आठवायच्या! सासूबाईंना माझा पाठिंबा.

पर्वती१०३:
पाच-सहा दिवस? कुठल्या पुण्यात राहता? आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दिवाळीआधीच ताटं फिरायला लागतात, ऑफिसात प्रत्येकाचा डबा उघडतो आणि उरलेला चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो. घात ताटाने होत नाही, रात्री टीव्हीपुढे डब्यात जाणाऱ्या हाताने होतो. मी डबे माळ्यावर टाकले. शिडी लावायचा कंटाळा येतो, खाणं आपोआप कमी. (पर्वती चढून लाडू जिरवू म्हणणाऱ्यांनो, १०३ पायऱ्यांत चतकोरही जिरत नाही.)

खमंग:
माळ्यावर फराळ! आमच्याकडे उंदीर मनसोक्त खातील मग.

नळस्टॉप:
वडिलांना मधुमेह आहे. भाऊबीजेला चार घरं केली, चारही घरी तेच, "एकाने काय होतंय काका?" चौघांचे चार झाले ना! ते बिचारे नको म्हणत होते, आणि आत्या चक्क रुसल्या. त्यामुळे आग्रह हेच प्रेम म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. डिश पुढे ठेवा, हवं ते माणूस उचलेल.

खमंग:
हे मात्र मान्य. आजारी माणसाला आग्रह नकोच. पण त्यापायी धडधाकट माणसांनाही एअर फ्रायरमधली चकली का? गेल्या वर्षी एका मित्राकडे खाल्ली, खडखडीत सुतळी.

शनिवारपेठी:
एअर फ्रायर कोण म्हणालं? मी एकच खाते, म्हणून ती भाजणीची, काटेरी, तेलातले बुडबुडे बसल्यावर काढलेलीच लागते. ओट्सचा चिवडा आमच्याही उंबऱ्याच्या आत येत नाही.

खमंग:
मग भांडतोय कशाला आपण! तरी दोन चकल्या. एक म्हणजे चव बघणं झालं.

गूळपोळी:
विषयांतर, माफ करा. अनारसे तुपात हसतायत, म्हणजे सोडले की विरघळून पसरतायत. पाहुणे तासाभरात येतील. काय करू?

शनिवारपेठी:
गूळ जास्त झालाय. तांदळाची कोरडी पिठी उरली असेल तर मूठभर मळून घाला आणि एकच सोडून बघा. तोही हसला तर पाहुण्यांना चिवडा द्या.