मदत हवी आहे : नावाला पिंग लागतो, पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं मशिन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग करून परत जातं. चलन-बिलांचं सॉफ्टवेअर उबुंटूच्या (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. ऑफिसात आणि शॉपवर विंडोजचे दोन कॉम्प्युटर आहेत, त्यांच्यावर ते ब्राउझरमधून उघडतो.

आधी ब्राउझरमध्ये त्या उबुंटूचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.७ टाकून काम चालायचं. पण लाइट जाऊन आली की कधी त्या ७ चा १२ व्हायचा. टेंपो दारात उभा, वडील चलन करायला बसलेले आणि पान उघडेना. ६८ वर्षांच्या माणसाला आकडे पाठ करायला लावणं मनाला पटत नाही, म्हणून ‘हिशेब’ हे नाव द्यायचं ठरवलं.

उबुंटू नव्यानं टाकताना कॉम्प्युटरचं नावच (इंग्रजी अक्षरांत) हिशेब दिलं. राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १९२.१६८.१.५० कायमचा बांधला. दोन्ही विंडोजवर होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्याचं, याची कॉम्प्युटरमधली यादी) हा पत्ता आणि पुढे नाव लिहिलं. (नोटपॅडनं फाइलला गुपचूप टीएक्सटी जोडलं होतं, त्यात अर्धा दिवस गेला.) आता पिंग केला (म्हणजे तो कॉम्प्युटर नेटवर्कवर उत्तर देतो का हे पाहिलं) की ५० वरून उत्तर येतं. ब्राउझर मात्र कनेक्शन नाकारलं म्हणतो. फायरवॉल बंद करून पाहिला, तेच. उबुंटूवर बसून उघडलं तर उघडतं. तिथं पिंग केल्यावर १२७.०.१.१ दिसतं, हे कुठून आलं? सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पत्त्याच्या जागी ०.०.०.० होतं, तिथंही मी ‘हिशेब’ लिहिलंय.

प्रतिसाद

दादा, विंडोजवर सगळं बरोबर आहे. घोळ तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. उबुंटू टाकताना तो आपल्याच होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ समोर कॉम्प्युटरचं नाव लिहून ठेवतो. १२७ नं सुरू होणारा पत्ता त्या मशिनच्या बाहेर जात नाही. सॉफ्टवेअरनं ‘हिशेब’चा पत्ता विचारला, १२७.०.१.१ मिळाला, आणि ते फक्त तिथंच कान देऊन बसलं. पिंगला सॉफ्टवेअरशी देणंघेणं नसतं, म्हणून तो लागतो.

ती ओळ बदलून ५० करता येईल, पण तुमच्याकडे मी तसं करणार नाही. लाइट आल्यावर राउटर आणि उबुंटू एकदमच उठतात. पत्ता मिळायच्या आत सॉफ्टवेअर सुरू झालं तर ते अडेल. सेटिंगमध्ये परत ०.०.०.० करा (म्हणजे सॉफ्टवेअर मशिनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल), सॉफ्टवेअर बंद करून चालू करा, उबुंटूच्या होस्ट्सला हात लावू नका. फायरवॉल चालू करून सॉफ्टवेअरचा पोर्ट (ते ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतं तो) फक्त १९२.१६८.१ च्या नेटवर्कला मोकळा ठेवा. आणि विंडोजवर एनएसलुकअपला (नावाचा पत्ता शोधून दाखवणारी कमांड) नाव सापडलं नाही तर घाबरू नका, तो होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएसला (नावांचे पत्ते सांगणारा नेटवर्कवरचा सर्व्हर) विचारतो.

धागाकर्ता

०.०.०.० केलं, दोन्हीकडे उघडलं. फायरवॉलही लावला. मेन स्विच पाडून परत चालू केला, तरी उघडलं. दुपारचं चलन वडिलांनी स्वतः ‘हिशेब’ टाइप करून काढलं. मनापासून आभार.