नांगरून तापलेल्या रानात चांगले जिवाणूही मरतात का?

कोरडवाहू_बीड:
वडील म्हणायचे, नांगरून रान तापू द्यावं, कीड मरते. परवा भर दुपारी उघड्या काळ्या रानात थर्मामीटर टेकवला, ५६ अंश! वीतभर खाली ३७. मागच्या खरिपात तुरीचं झाड मुळासकट काढलं होतं. मुळांवर गाठी चार-पाचच, आणि नखाने फोडल्या तर आत पांढुरक्या, म्हणजे निकामी. काम करणारी गुलाबी एकच. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू, चोळूनच पेरलं होतं. हे जिवाणू असल्या उन्हाला सरावतील का संपतील? जीवाला घोर लागलाय.

मातीवाली_ताई:
दादा, एकेक जिवाणू फारसा सरावत नाही. जो तगतो त्याचीच वंशवेल वाढते, आणि त्यांच्या पिढ्या भराभर होतात. बॅसिलस नावाचा जिवाणू टणक बीजाणू करून पडून राहतो. स्ट्रेप्टोमायसिसही तसाच. पहिल्या पावसाचा वास मुख्यतः त्याच्याच जिओस्मिनचा. रायझोबियमला बीजाणू करता येत नाहीत. तो मातीच्या बारीक फटींत दडतो, पेशीत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवून कोरड सोसतो. त्याच्या काही जातींत गाठी करणारी जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, आणि फार उष्णतेत तो प्लाझ्मिडच गळतो. जिवाणू जगतो, गाठ करणं मात्र विसरतो! तुरीवर बहुतेक त्याचंच भाऊबंद ब्रॅडीरायझोबियम असतं, त्याची ती जनुकं मुख्य गुणसूत्रावर, म्हणून हा धोका कमी. झाड कधी उपटलं होतं? रायझोबियमची पुडी कुठे ठेवली होती?

बोस्टनकर:
इथून जवळच, पीटरशॅमच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत तारा पुरून माती आजूबाजूपेक्षा ५ अंश गरम ठेवली आहे. तिथल्या शास्त्रज्ञ मेलिलोंच्या गटाने २०१७ मध्ये २६ वर्षांचा हिशेब मांडला. पहिली दहा वर्षं मातीतला कार्बन जोरात उडाला, मग काही वर्षं सगळं थंडावलं. त्या काळात जिवाणूंची वस्ती बदलत होती. नंतर पुन्हा कार्बन जाऊ लागला. म्हणजे जिवाणू जुळवून घेतात, पण मातीचा कस खाऊन. आपल्या रानात आधीच सेंद्रिय कर्ब कमी, म्हणून मला जास्त भीती त्याचीच वाटते.

कोरडवाहू_बीड:
ताई, झाड ऑगस्टअखेर काढलं होतं, फुलोरा यायचा होता. पुडी दुकानात पत्र्याखाली उन्हातच पडलेली होती, तेव्हा लक्षातच आलं नाही. यंदा सावलीतली आणतो, मुदत बघून. आणि अर्धा एकर नांगरायचं थांबवलंय, त्यावर सोयाबीनचं भुसकट पसरलंय. आज दोन वाजता भुसकट बाजूला सारून तिथेच मोजलं: ४१.