पैशांचे रिपोर्ट ओआरएमच्या भरवशावर सोडावेत का?

सांजसंकलन
माझं मत आधीच मांडते: जिथे पैशांची बेरीज आहे तिथे क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) हातानं लिहावी. याद्या, फॉर्म, शोध यांना ओआरएम (आपल्या कोडवरून क्वेरी आपोआप बनवणारा थर) खुशाल वापरा, मीही वापरते. बिलाला नको.

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कवर चालतं. उत्पादकाचं दर दहा दिवसांनी एक बिल निघतं आणि त्यातून पेंड, उचल अशा कपाती वजा होतात. रिपोर्टसाठी मी एकाच अ‍ॅनोटेटमध्ये (प्रत्येक उत्पादकापुढे आकडा जोडणारी ओआरएमची सोय) दोन सम, म्हणजे बेरजा, लिहिले, एक बिलांवर, दुसरा कपातींवर. वाचायला इतकं सरळ की रिव्ह्यूत कुणी हटकलं नाही. टेस्ट हिरव्या. खरं बिल काढलं त्या दिवशी एका बाईंच्या नावावर ६,४०० च्या जागी १२,८०० लागले. कपात मात्र बरोबर, १,७५०.

दीड दिवस मी दरपत्रक, फॅट, राउंडिंग तपासत बसले. शेवटी ओआरएमनं काढलेली एसक्यूएल (डेटाबेसकडे प्रत्यक्ष जाणारी क्वेरी) प्रिंट केली. एकाच सिलेक्टमध्ये दोन लेफ्ट आउटर जॉइन, म्हणजे उत्पादकाला बिलं आणि कपाती हे दोन्ही तक्ते एकदम जोडलेले! बाईंच्या बिलाची ओळ एक, कपातीच्या दोन (पेंड १,२५०, उचल ५००). जॉइन झाल्यावर बिलाची ओळ दोनदा आली आणि दोनदा मोजली गेली. ज्यांना कपात नाही किंवा एकच आहे त्यांचा हिशोब चोख होता, आणि आमच्या टेस्ट डेटात सगळे तसेच उत्पादक होते.

गटवारी
असहमत. ही चूक जॉइनची आहे, ओआरएमची नाही. एक-ते-अनेक अशी दोन नाती एका सिलेक्टमध्ये जोडून ग्रुप बाय (गटवार बेरीज) केलं तर हातानं लिहिलेली क्वेरीही १२,८०० च देईल. असे स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला एसक्यूएल कोड) मी कितीतरी दुरुस्त केलेत, आणि ते लिहिणाऱ्यांनी ओआरएम पाहिलाही नव्हता.

शिवाय हे लपवलेलं नाही. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अ‍ॅग्रिगेशनच्या पानावर सरळ इशारा आहे की एकाहून जास्त अ‍ॅग्रिगेट (बेरीज, मोजणी) एकत्र केले तर उत्तर चुकतं, कारण सबक्वेरीऐवजी (क्वेरीच्या आतली वेगळी क्वेरी) जॉइन वापरले जातात. २००९ मध्ये उघडलेलं तिकीट (चुकीची नोंद) १००६० याच दुखण्याचं आहे. इलाजही ओआरएममध्येच आहे: कपातींची बेरीज सबक्वेरी आणि आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीचा संदर्भ) वापरून वेगळी काढायची.

पहिली_कमिट
काउंटच्या वेळी आम्ही डिस्टिंक्ट=ट्रू (तीच किंमत एकदाच धरा) दिलं आणि प्रश्न सुटला. समला तेच का देत नाही?

सांजसंकलन
@पहिली_कमिट, हे मुळीच करू नका. काउंटमध्ये आपण आयडी मोजतो आणि प्रत्येक आयडी वेगळा असतो, म्हणून तिथे जमतं. समला डिस्टिंक्ट लावलं की रकमा वेगळ्या आहेत का ते पाहिलं जातं. एखाद्यानं एकाच बिलात पेंडीची दोन पोती उचलली, दोन्ही १,२५० ची, तर कपात २,५०० ऐवजी १,२५० धरली जाते. पहिल्या चुकीत आकडा इतका फुगतो की नजरेत भरतो. ही चूक कुणाला दिसणारही नाही, आणि संस्थेला खड्डा पडत राहील.

उंबरठा
मी ताईंच्या बाजूनं. गटवारी, जॉइन स्वतः लिहिला असता तर तो निदान डोळ्यांसमोर असता ना? ओआरएममध्ये नुसत्या दोन अंडरस्कोरनं एक जॉइन होऊ शकतो, आणि तो दिसत नाही. आमच्याकडे तर मॉडेलच्या (तक्त्याचं कोडमधलं वर्णन) मेटामधल्या ऑर्डरिंगनं, म्हणजे तिथे ठरवलेल्या क्रमानं, गट फोडले होते. जँगो ३.१ च्या आधी ते कॉलम ग्रुप बायमध्ये शिरायचे. गावनिहाय एक ओळ हवी, तर एकेका गावाच्या चाळीस ओळी. कोडमध्ये त्या कॉलमचं नावही नव्हतं.

गटवारी
मग हाताच्या एसक्यूएलची किंमतही ऐका. एका सर्व्हरवर अनेक संस्था असतात. आमचा मॅनेजर (मॉडेलच्या क्वेरी बनवणारा ओआरएमचा भाग) प्रत्येक क्वेरीला संस्थेचा फिल्टर आपोआप लावतो. एका सहकाऱ्यानं घाईत कच्ची क्वेरी लिहिली आणि ती अट राहिली. एका संस्थेच्या सचिवाला दुसऱ्या संस्थेच्या सभासदांची उचल दिसली. बेरीज चुकली तर पुन्हा करता येते. लोकांनी एकमेकांची देणी पाहिली, ते परत कसं घेणार? आणि कच्च्या क्वेरीत नॉट इनच्या (या यादीत नसलेले) आतल्या सबक्वेरीतून एक नल (रिकामी किंमत) आला की एकही ओळ मिळत नाही. तेव्हा कोणाला दोष द्याल?

सांजसंकलन
संस्थेच्या फिल्टरचं तुमचं म्हणणं मला खरंच लागलं. तो धोका मी धरलाच नव्हता. बिलाची क्वेरी आता सबक्वेरी घालून ओआरएममध्येच ठेवते, तेवढी माघार.

पण एक सोडत नाही: रकमेला हात लावणाऱ्या बदलासोबत निघालेली एसक्यूएल रिव्ह्यूत चिकटवलीच पाहिजे, आणि तीही पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या लॉगमधून. ओआरएमच्या क्वेरीसेटची क्वेरी प्रिंट केली की पॅरामीटर अवतरणचिन्हांशिवाय येतात, ती जशीच्या तशी चालेलच असं नाही. माझा अर्धा दिवस त्यातच गेला.

टेस्टमध्ये आज तीन उत्पादक घातले. एकाला कपात नाही, एकाला दोन वेगळ्या, एकाला सारख्याच रकमेच्या दोन. जुना कोड दुसऱ्यावर पडला, डिस्टिंक्टवाला तिसऱ्यावर. सबक्वेरीवाला तिघांवर पास झाला.

उंबरठा
चौथाही घाला ताई: कपात आहे, पण त्या दहा दिवसांत दूधच घातलं नाही. बिलाची सम तिथे शून्य देत नाही, नल देते, आणि नलमधून कपात वजा केली की बाकीही नलच.

सांजसंकलन
घातला. पडला. कोअलेस (नलच्या जागी शून्य) लावतेय.