चारशे मीटर रस्ता नेमका कुणाचा? चार कचेऱ्या फिरून झाल्या

केळीवाला_पुण्यात

राम राम मंडळी. नोकरी पुण्यात, घर तापीकाठच्या एका गावात. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, परत त्याच टेबलांवर काम घेऊन जायचंय.

आमचं गाव लहान, गट ग्रामपंचायतीत. पंचायतीचं ऑफिस मोठ्या गावात, सदस्य नऊ, त्यातले आमच्याकडचे दोनच. मोठ्या गावाकडून आमच्याकडं येताना मध्ये नाला लागतो, त्यावर फरशी (बुटका पूल) आहे. फरशीपर्यंत डांबर आहे (म्हणजे होतं). तिथून गावापर्यंत चारेकशे मीटर काळी माती आणि त्यावर कधीकाळी टाकलेला मुरूम. गेल्या पावसाळ्यात फरशीची एक बाजू धसली. तेव्हापासून केळीची गाडी नाल्याच्या पलीकडंच थांबते, घड डोक्यावर वाहून न्यायचे. आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नेताना ट्रॅक्टरवर बसवून नाला ओलांडला. ती माउली वर बसून लग्नाच्या वरातीसारखी सगळ्या गावाला हात करत होती. आम्हाला मात्र घाम फुटलेला.

सुट्टी काढून अर्ज घेऊन फिरलो. ग्रामपंचायत म्हणाली, रस्ता जिल्हा परिषदेचा. जि.प.च्या बांधकाम उपविभागात साहेबांनी यादी काढून दाखवली, आमचा रस्ता फरशीपाशी संपतो, पुढचा ‘योजनाबाह्य’. सार्वजनिक बांधकामवाले म्हणाले, एवढे बारके रस्ते आमच्याकडं नसतातच. तहसीलला आवक-जावकचा शिक्का मिळाला, बाकी काही नाही.

माझे जिभाऊ (काका) म्हणतात, आमदाराला धर, बाकीचं सोड. पण मला कळून घ्यायचंय की हे सगळं चालतं कसं? कोण कुणाच्या वर आहे?

दगडी_बांध

आमना गावले कोनी वाली शे का, हाऊच प्रश्न आम्ही वीस वर्षांपासून विचारतोय भो. आमच्याकडं एकाच रस्त्यावर भूमिपूजनाचे तीन फलक आहेत. फलक पक्के आहेत, सिमेंटमध्ये रोवलेले.

जुना_ग्रामसेवक

भाऊ, तुम्हाला चौघांनीही खरं सांगितलंय. दुखणं तेच आहे.

मी ३१ वर्षं ग्रामसेवकी केली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, गावात मात्र अजून ‘भाऊसाहेब’ आणि ‘तलाठी आप्पा’च चालतं. माझ्या अनुभवात शिकली-सवरलेली माणसं पण इथंच चुकतात, की सरकारची एकच शिडी आहे असं धरून चालतात. शिड्या दोन आहेत.

एक महसुलाची, इंग्रजांच्याही आधीपासूनची. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर आणि वर नाशिकला विभागीय आयुक्त. जमीन, सातबारा, बांध, वहिवाट, दाखले हे सगळं तिकडचं. दुसरी शिडी विकासाची. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. त्यात निवडून आलेली माणसंही आहेत आणि नोकरही. सरपंचाजवळ आम्ही, सभापतीजवळ गटविकास अधिकारी, अध्यक्षांजवळ सीईओ. ही तीन मजल्यांची रचना १९६१ च्या कायद्यानं आली आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी लोकल बोर्ड होतं. माझे आजोबा मरेपर्यंत जि.प. शाळेला ‘लोकल बोर्डाची शाळा’च म्हणत. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून पंचायतींना घटनेचा आधार आला आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली. कागदावर. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि सीईओच प्रशासक झाले. जि.प.चा सदस्य गाठायचा तर तो माजी झालेला.

गट आणि गण यांतही लोक गोंधळतात. जि.प.चा सदस्य एका गटातून निवडून येतो, त्या गटाचे दोन गण पाडतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. म्हणून तुमच्या एकाच गावाला सरपंच, पं.स. सदस्य, जि.प. सदस्य, आमदार आणि खासदार असे पाच मालक. लग्नपत्रिकेत पाचही नावं छापावी लागतात, नाहीतर रुसवे.

आता रस्त्याकडं या. रस्त्यांनाही जात असते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जि.प.कडं. प्रत्येकाला नंबर. हे नंबर रस्ते विकास योजनेच्या यादीतून येतात, आपल्याकडं बरीच वर्षं २००१ ते २०२१ ची योजना चालली. त्या यादीत तुमच्या ग्रामीण मार्गाची लांबी फरशीपर्यंतच धरली असणार. मोजणारा माणूस बहुधा पावसाळ्यात आला आणि नाला बघून मागं फिरला. चेष्टा नाही, अशा कारणानं सुटलेले तुकडे मी पाहिलेत. यादीत नसलेल्या तुकड्यावर जि.प.चा अभियंता ३०५४ मधून एक टोपलं खडी टाकू शकत नाही, ऑडिटवाला त्याच्याकडूनच वसुली काढेल. (३०५४ म्हणजे दुरुस्तीचं लेखाशीर्ष, ५०५४ म्हणजे नवं बांधणं आणि मजबुतीकरण. हे दोन आकडे पाठ करा. कचेरीत आकडा बोललात की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.)

मग हे चारशे मीटर कुणाचे? दोन कागद बघा, त्याशिवाय एकही अर्ज लिहू नका.

पहिला, ग्रामपंचायतीचा नमुना २३. पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते ती. हात लावू देणार नाहीत, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून नक्कल मागा. मी खुर्चीत होतो तेव्हा असा अर्ज आला की मलाच राग यायचा. आता खुर्ची सुटली, म्हणून खरं सांगतो.

दुसरा, गावचा नकाशा. तालुक्याला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मिळतो. त्यावर तुमचा रस्ता दोन तुटक रेषांनी दाखवलाय का बघा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एकच तुटक रेषा असेल तर पायवाट, सव्वाआठ फूट. गाडीमार्ग निघाला तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलात, कारण जमीन कुणाच्या बापाची नाही हे नकाशाच सांगतो.

पैशाचं म्हणाल तर १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला येतात, पंचायत समितीला १० आणि जि.प.ला १०. पण त्यातला मोठा हिस्सा ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. रस्त्याला उरतो तो अबंधित, त्यावर नऊही सदस्यांचा डोळा. तुमचे दोन, त्यांचे सात. हिशोब करा. जिभाऊ सांगतात ते अगदीच खोटं नाही, आमदाराच्या शिफारशीवर २५१५ या लेखाशीर्षातून गावाला काम मिळतं. फक्त तिथं पण विचारतात, रस्ता कुणाच्या ताब्यात?

सातपुड्याची_ताई

भाऊसाहेबांनी छान सांगितलं, पण सात विरुद्ध दोन हे दुखणं सगळीकडं सारखं नाही. मी नंदुरबार जिल्ह्यातली, पाच वर्षं उपसरपंच होते. आमच्याकडं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू आहे. मोठं गाव खाली, आमचा पाडा वर डोंगरात. ग्रामसभा नेहमी खाली व्हायची. आम्ही बाया उतरून जाईपर्यंत चहा होऊन सह्या झालेल्या.

२०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. पाड्यातल्या अर्ध्याहून जास्त मतदारांनी ठराव करायचा आणि प्रांत साहेबांकडं द्यायचा. आम्ही सह्या-अंगठे घेत दोन महिने फिरलो, होळीच्या आधी संपवायचं म्हणून, कारण होळीनंतर निम्मा पाडा पुन्हा गुजरातेत कामाला जातो. आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के अबंध निधी म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींना येतात, २०१५ पासून. त्यातून कुठल्या पाड्याला काय, हे ग्रामसभेत ठरतं. आम्ही पहिल्यांदा विहिरीकडं जाणाऱ्या उताराला पायऱ्या केल्या. बांधकामात त्रुटी होती, दुसऱ्या पावसात दोन पायऱ्या हलल्या. पण पायऱ्या कुठं हव्यात हे आम्ही सांगितलं होतं.

तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का? चोपडा, यावल, रावेरची काही गावं आहेत. नसेल तर हा रस्ता तुम्हाला नाही.

केळीवाला_पुण्यात

ताई, आमचं गाव त्यात नाही.

भाऊसाहेब, पोळ्याला गेलो तेव्हा दोन्ही कागद काढले. नमुना २३ मध्ये आमचा तुकडा नाहीच. नोंद आहे ती मोठ्या गावातल्या गल्ल्यांची आणि स्मशानाच्या रस्त्याची. पण नकाशावर दोन तुटक रेषा आहेत! फरशीपासून थेट आमच्या मारुतीपर्यंत. नकाशा घडीवर फाटलेला, त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं कसलातरी हिशोब केलाय, पण रेषा स्पष्ट. आता पुढं?

जुना_ग्रामसेवक

झालं की मग. आता क्रम सांगतो, उलटा करू नका.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. लेखी द्या, पोच घ्या. ‘फरशी ते मारुती मंदिर गाडीमार्ग नमुना २३ ला नोंदवणे आणि ग्रामीण मार्गाच्या लांबीत समाविष्ट करण्याची शिफारस करणे’, अशी भाषा ठेवा. नुसतं ‘रस्ता करून मिळणे’ लिहिलंत तर ठराव होईल, काम होणार नाही. कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी ते. तुमच्या गावचे साठ-सत्तर लोक ट्रॅक्टरनं नेले तर त्या दिवशी सातांचे सात राहत नाहीत. सदस्यांची गणती मासिक सभेत. ग्रामसभेत डोकी मोजतात. आणि ठराव प्रोसिडिंगला (सभेच्या नोंदवहीत) लिहून होईस्तोवर तिथून हलू नका. मी सांगतो तुम्हाला, ‘उद्या लिहितो’ म्हणून मीच किती ठराव पातळ केलेत.

नोंद झाली की जि.प. बांधकामकडं प्रस्ताव, तिथून वर मंजुरी. वेळ लागेल. तोवर २०२१ ची मातोश्री पाणंद रस्ते योजना बघा, रोजगार हमीशी जोडलेली आहे, मातीकाम-खडीकरण त्यातून निघू शकतं. फरशीचं वेगळं, ती जि.प.च्या लांबीत येते, तिच्या दुरुस्तीचा अर्ज आजच द्या.

एक विचारतो. नकाशात साडेसोळा फूट, जागेवर किती आहे?

केळीवाला_पुण्यात

हेच लिहायचं टाळत होतो. टेप लावून पाहिलं. सर्वांत अरुंद जागी नऊ फूट.

उजवीकडची कपाशी रस्त्यात आलीय आणि ते शेत आमच्या जिभाऊंचं आहे. तेच, जे म्हणतात आमदाराला धर.

दगडी_बांध

😂 आते समजनं आमदार कशासाठी.

जुना_ग्रामसेवक

हसू नका, प्रत्येक गावात असतंच. माझ्या सख्ख्या साडूचं होतं.

अडवलेला रस्ता मोकळा करायचा अधिकार तहसीलदाराला आहे, १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, कलम ५. पण त्या वाटेनं गेलात तर रस्ता मिळेल आणि दिवाळीला जिभाऊंच्या घरचं ताट जाईल. कपाशीची शेवटची वेचणी होऊ द्या. मग एका सकाळी जिभाऊंना, शेजारच्या शेतवाल्याला आणि तलाठी आप्पांना बांधावर बोलवा, नकाशा उघडा आणि टेप जिभाऊंच्याच हातात द्या. मोजू द्या त्यांना. दुसरं टोक शेजारच्यानं धरायचं, तुम्ही नाही.

केळीवाला_पुण्यात

दुसरं टोक धरायला आईला सांगतो. ट्रॅक्टरवर बसलेली तीच होती, आणि जिभाऊ तिचे धाकटे दीर आहेत.