क्लाउडशिवाय डेटा इकडून तिकडे कसा नेता? (अनुभव धागा, कोल्हापूर)

मंडळी, फोन किंवा लॅपटॉप बदलला की फोटो, व्हिडिओ, कामाच्या फाइली नव्या वस्तूवर न्याव्या लागतात. क्लाउडवर चढवून पुन्हा उतरवायचं तर तेच सामान इंटरनेटवरून दोनदा जातं, आणि गूगलच्या १५ जीबी फुकट जागेत आजकालचा एक फोनही मावत नाही. दोन्ही वस्तू एकाच टेबलावर असताना एवढा वळसा कशाला? रोज हे काम करणाऱ्यांनी आपली पद्धत लिहावी. नुसतं ॲपचं नाव नको. कुठं अडतं आणि का अडतं, तेही लिहा.

राजारामपुरी, मोबाइल दुरुस्ती

सुरुवात केबलपासून करा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. म्हणून पहिल्यांदा केबल बदलून बघा. मग फोनचं लॉक उघडा, वरची पट्टी खाली ओढा आणि चार्जिंगच्या जागी 'फाइल ट्रान्सफर' निवडा. लॉक उघडलं नसेल तर कॉम्प्युटरवर फोन दिसतो, पण आत काहीच नसतं.

डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचं) फोल्डर अख्खं एकदम उचलू नका. केबलवर लावलेला अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखा वागत नाही. तो एमटीपी पद्धतीनं बोलतो आणि त्यात एका वेळी एकच फाइल मागता येते. बारक्या फाइली हजारोंनी असल्या की वेग कोसळतो, आणि मधेच अडकलं तर काय गेलं, काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. हजार-हजारांचे गठ्ठे करा. 'कट' कधीच नको, 'कॉपी'च करा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळला, अधलेमधले चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघितले, की मगच फोनवरून पुसा.

तारखांचीही काळजी घ्या. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या आत तारीख लिहिलेली असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती नसते. अँड्रॉइडवर ती फक्त फाइलच्या नावात असते, म्हणून ती नावं बदलू नका. हे फोटो अँड्रॉइड ११ पासून 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त सापडतात. नेहमीच्या जागी शोधून "फोटो गेले" म्हणणारे पुष्कळ येतात, पण फोटो तिथंच असतात.

ताराबाई पार्क, आयफोन ते विंडोज

कॉपी करताना मधेच 'उपकरण काम करत नाही' असा संदेश येत असेल तर सेटिंग्जमध्ये (नव्या आयओएसवर त्यातल्या 'ॲप्स'मध्ये) फोटोज उघडा. तळाशी 'मॅक किंवा पीसीवर पाठवा' आहे, तिथं 'ऑटोमॅटिक' काढून 'कीप ओरिजिनल्स' करा. ऑटोमॅटिकवर फोन हेइक (HEIC, आयफोनचा फोटो-प्रकार) मधला प्रत्येक फोटो जाता जाता नेहमीचा जेपेग करायला बघतो आणि त्यातच दम तोडतो.

मंगळवार पेठ, व्हिडिओ शूटिंग

आमचा माल अवजड, म्हणून आधी हिशेब. १०० मेगाबिट दरानं चित्रीकरण केलं तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. शाहू स्टेडियमवरचा ९० मिनिटांचा सामना सलग घेतला तर साडेसदुसष्ट जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड तिथं पुरत नाही, १२८ लागतं.

कार्ड उतरवताना कॅमेऱ्याला केबल लावू नका, यूएसबी ३ चा कार्ड रीडर घ्या. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात, तोच सामना उतरायला ३० मिनिटांहून जास्त जातात. चांगलं कार्ड आणि यूएसबी ३ रीडरवर ९० एमबी मिळाले तर १३ मिनिटांत काम होतं. रीडर मात्र यूएसबी ३ च्याच खाचेत घाला. बऱ्याच कॉम्प्युटरवर ती आतून निळी असते.

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. ड्राइव्हवर १०० जीबी मोकळी असली तरी 'फाइल फार मोठी आहे' म्हणून अडतो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, म्हणून ते आधी काढून घ्या. एनटीएफएसची (विंडोजच्या पद्धतीची) डिस्क मॅकवर वाचता येते, पण थेट लिहिता येत नाही, त्यामुळं दोन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅटच बरा.

नवा पेनड्राइव्ह किंवा कार्ड आणलं की पहिल्या दिवशीच एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा. ते अख्खी जागा भरून परत वाचून बघतं. नकली माल २५६ जीबी दाखवतो, आत असतात १६. कॉपी विनातक्रार पूर्ण होते, उघडायला गेलं की फाइली फुटक्या निघतात. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही हो!

उद्यमनगर

घरातल्या घरात पाठवायला लोकलसेंड हे ॲप वापरा. फुकट आहे, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. अट एवढीच की दोन्ही वस्तू एकाच वाय-फायवर हव्यात. राउटर नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट लावून दुसरा त्याला जोडा. फाइल त्या दोघांतच फिरते, तिच्यापायी मोबाइल डेटा जळत नाही.

समोरचा फोन दिसत नसेल तर तीन ठिकाणी बघा. कुणी गेस्ट वाय-फायवर आहे का? तिथं राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. विंडोजवर ते वाय-फाय 'पब्लिक' आहे का? घरचं असेल तर 'प्रायव्हेट' करा. व्हीपीएन चालू आहे का? बंद करा. वेग रडत असेल तर दोन्ही वस्तू ५ गिगाहर्ट्झवर आणा.

महाद्वार रोड, डीटीपी

पत्रिका, बॅनरच्या फाइली पेनड्राइव्हवर आणताना श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टचा मजकूर दुसऱ्या मशीनवर अगम्य खुणा होऊन उघडतो. फाइल बिघडलेली नसते, त्या मशीनवर फॉन्ट नसतो. कोरलमध्ये सेव्ह करायच्या आधी मजकूर कर्व्हज करा (अक्षरांचे नुसते आकार होतात, फॉन्ट लागत नाही), पण एक प्रत कर्व्हज न करता आपल्याकडे ठेवा, कारण पत्रिकेतलं एखादं नाव शेवटच्या दिवशी बदलतंच. आणि कॉपीची पट्टी भरली म्हणून पेनड्राइव्ह उपटू नका. शेवटचा तुकडा अजून मेमरीत असू शकतो. 'इजेक्ट' करा, मग काढा.

शिवाजी विद्यापीठ परिसर

फोन आणि लॅपटॉप कायम जुळते ठेवायचे असतील तर सिंकथिंग हे सॉफ्टवेअर वापरा. अँड्रॉइडवरचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता त्याचीच दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती सिंकथिंग-फोर्क वापरतात. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला मोकळीक द्या, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो. एक मात्र नीट समजून घ्या. फोनवर पुसलेला फोटो लॅपटॉपवरूनही पुसला जातो. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' चालू करा, म्हणजे पुसलेली प्रत वेगळ्या फोल्डरात राहते.

शाहूपुरी

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. राजाराम बंधाऱ्यावर ३९ ची बातमी आली की हार्ड डिस्क तळमजल्यावर ठेवू नये. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते इथल्यांना सांगायला नको. जूनच्या आधीच एक जादा प्रत करून पुराच्या पट्ट्याबाहेरच्या पाहुण्यांकडे ठेवा. झिपच्या दोन पिशव्यांत, सिलिका जेलची पुडी घालून, वर कुणाची डिस्क आणि कोणत्या तारखेची प्रत ते लिहून.

डिस्क भिजलीच तर 'चालते का बघू' म्हणून वीज देऊ नका. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर मारू नका. आत गाळ गेला असेल तर फिरणारी तबकडी पहिल्या मिनिटातच खरवडली जाते. डबा उघडू नका, डिस्क होती तशी ओली पिशवीत बंद करून डेटा परत काढणाऱ्याकडे न्या. वाळली की गाळ तबकडीवर चिकटून बसतो.